भांडखोर रॉडिक आणि आम्ही अंपायर

‘मुलांनो, शाळा सोडू नका, नाहीतर अंपायर व्हाल.’

हे वाक्य अमेरिकन टेनिसपटू अँडी रॉडिकचं. २००८ची ऑस्ट्रेलियन ओपन, तिसरी फेरी, समोर जर्मनीचा फिलिप कोलश्रायबर. खुर्चीवरच्या पंचाशी वाजलं आणि साहेबांनी जगभरच्या टीव्हीवर ऐकू जाईल अशा आवाजात समस्त बालगोपाळांना हा उपदेश केला. मी शाळा सोडली नव्हती. बी.कॉम. केलं, हिशेबाची नोकरी धरली, आणि तरीही अंपायर झालेच. शनिवार-रविवारी ज्युनियर स्पर्धांना उंच खुर्चीत बसते. कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभे असलेले आईबाप ‘आउट होता मॅडम!’ म्हणून ओरडतात, ते ऐकून न ऐकल्यासारखं करते. मानधनाबद्दल न बोललेलंच बरं.

आमच्या जमातीचा एवढा उद्धार केलेला दुसरा खेळाडू शोधायचा तर थेट जॉन मॅकेन्रोपर्यंत मागं जावं लागेल. तरीही आवडता खेळाडू कोण, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडून रॉडिकचंच नाव येतं. पंचांच्या परीक्षेला बसणाऱ्या नव्या मुलींना हे सांगितलं की त्या माझ्याकडे संशयानं बघतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

जन्म ३० ऑगस्ट १९८२, नेब्रास्का राज्यातलं ओमाहा. लहानपण टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये गेलं, मग कुटुंब फ्लोरिडाला गेलं. थोरला भाऊ जॉन टेनिस खेळायचा, त्याच्या मागोमाग हा. २००० साली रॉडिकनं ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपन या दोन्ही ज्युनियर स्पर्धा जिंकल्या आणि ज्युनियर गटात जगात पहिला आला. अमेरिकेला तेव्हा वारसदाराची भयंकर घाई झाली होती. सँप्रास आणि अगासी तिशीला टेकलेले, कुरियर थांबलेला, चँग उतरणीला लागलेला. एका पिढीनं इतकं काही जिंकून ठेवलं होतं की पुढच्या पोराकडून कमीत कमी तेवढं तरी हवंच, असा सगळ्यांचा हिशेब होता. टोपी घालून कोर्टवर सतत काहीतरी पुटपुटत हिंडणाऱ्या या मुलाच्या डोक्यावर ते सगळं ओझं आलं.

२००१च्या फ्रेंच ओपनमध्ये त्यानं मायकेल चँगला पाच सेटमध्ये हरवलं, तेही पायात गोळे आलेले असताना. याच चँगनं १९८९मध्ये याच स्पर्धेत, सतराव्या वर्षी, पायात गोळे आलेले असताना इव्हान लेंडलला पाच सेटमध्ये घरी पाठवलं होतं. नियती वगैरे शब्द मला आवडत नाहीत, पण चँगला त्या दिवशी काय वाटलं असेल याची मला उत्सुकता आहे.

त्याच वर्षी न्यूयॉर्कला रॉडिकचं आणि आमचं पहिलं मोठं भांडण झालं. यूएस ओपनची उपांत्यपूर्व फेरी, समोर लेटन ह्युइट. पाचव्या सेटमध्ये ४-५ अशा पिछाडीवर रॉडिक सर्व्हिस करतोय. त्याचा एक फटका लाइन जजनं (रेघेवरच्या पंचानं) आत दिला आणि मुख्य पंचानं खुर्चीतून ओव्हररूल करून बाहेर दिला. पोरगा एकोणीस वर्षांचा. त्यानं पंचाला काय काय म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. डोकं फिरलं ते फिरलंच, गेम गेला, मॅच गेली, आणि ह्युइटनं पुढं ती स्पर्धाच जिंकली.

ओव्हररूलचा नियम आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. लाइन जजची चूक ढळढळीत असेल तरच, आणि ताबडतोब. ‘मला वाटलं’ म्हणून करायचा नाही, विचार करून करायचा नाही. पाचव्या सेटच्या शेवटच्या गेममध्ये तर चूक सूर्यप्रकाशासारखी लख्ख असावी लागते, नाहीतर तोंड मिटून बसायचं. तो चेंडू आत होता की बाहेर, यावर मी मत देणार नाही. टीव्हीच्या कोनावरून मत देणाऱ्यांचा मला व्यवसायामुळेच तिटकारा आहे. पण तो चिडला याचं मला कधी नवल वाटलं नाही. चिडल्यावर पुढचे दोन-तीन पॉइंट हातचे गेले हे मात्र सर्वस्वी त्याचं.

आता ती सर्व्हिस. रॉडिक म्हटलं की लोकांना एवढंच आठवतं, आणि त्यात लोकांची चूक नाही. बहुतेक खेळाडू रॅकेट खाली सोडून मागून मोठा फेरा घेत वर आणतात. हा फेरा बिरा काही न घेता रॅकेट सरळ वर उचलायचा, पाय जवळजवळ, गुडघे खोल वाकवलेले, आणि तिथून जी काही उसळी यायची! २००४च्या डेव्हिस चषकाच्या (देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेच्या) उपांत्य लढतीत, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला, बेलारूसच्या व्लादिमीर वोल्चकोव्हविरुद्ध त्यानं ताशी १५५ मैलांची, म्हणजे जवळपास २४९ किलोमीटरची सर्व्हिस केली. २०११मध्ये इव्हो कार्लोविचनं मोडेपर्यंत तो विक्रम होता.

वोल्चकोव्हची कीव सगळ्यांनी केली. मी कीव केली ती सर्व्हिस लाइनवर बसलेल्या माणसाची. चेंडू रॅकेटवरून निघून त्या रेघेपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. त्याच्याकडे बघत बसलात तर संपलंच. आम्हाला शिकवतात की चेंडूच्या मागं डोळे न्यायचे नाहीत, आधीच रेघेवर नेऊन ठेवायचे आणि चेंडू तिथं येण्याची वाट बघायची. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या सर्व्हिसला हे जमवताना माझी तारांबळ उडते. रॉडिकच्या मॅचमध्ये लाइनवर बसलेल्यांनी संध्याकाळी घरी जाऊन काय केलं असेल देव जाणे.

२००३ हे त्याचं वर्ष. जानेवारीत मेलबर्नला मोरोक्कोच्या युनेस अल अयनावीला त्यानं पाचव्या सेटमध्ये २१-१९ असं हरवलं. जवळपास पाच तास. त्यात मॅच पॉइंटही (गेला असता तर मॅचच संपली असती असा पॉइंट) वाचवला. मग उपांत्य फेरीत मनगट दुखावलेलं, शरीरात काही उरलेलं नाही, आणि रायनर शुटलरनं त्याला चार सेटमध्ये काढलं. उन्हाळ्यात ब्रॅड गिल्बर्ट प्रशिक्षक म्हणून आला आणि त्यानंतर क्वीन्स, इंडियानापोलिस, मॉन्ट्रियल, सिनसिनाटी अशी रांगच लागली. मॉन्ट्रियलला उपांत्य फेरीत फेडररला हरवलं.

यूएस ओपनच्या पहिल्या रात्री सँप्रासचा निरोप समारंभ झाला. दोन आठवड्यांनी उपांत्य फेरीत डेव्हिड नालबांडियन दोन सेटनं पुढं होता, आणि तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये (६-६ बरोबरीनंतर सेट ठरवणाऱ्या गेममध्ये) त्याला मॅच पॉइंट होता. रॉडिकनं सर्व्हिस केली. ती परत आली नाही. तिथून त्यानं ती मॅच ६-७, ३-६, ७-६, ६-१, ६-३ अशी फिरवली आणि अंतिम सामन्यात हुआन कार्लोस फेरेरोला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. नोव्हेंबरात तो जगात पहिला झाला, तेरा आठवडे राहिला. वय एकवीस. अमेरिकेनं सुस्कारा टाकला असणार की चला, पुढच्या दहा वर्षांची सोय झाली.

ती एकच ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यांत मोठ्या स्पर्धांपैकी एक. त्यानंतर आजतागायत एकाही अमेरिकन पुरुषाला एकेरीची ग्रँड स्लॅम जिंकता आलेली नाही. २०२४मध्ये टेलर फ्रिट्झ यूएस ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण समोर सिनर होता.

रॉडिकच्या वाटेत कोण होता हे सगळ्यांना माहीत आहे. फेडररविरुद्धचा हिशेब ३-२१. अंतिम सामन्यांत विम्बल्डन २००४, विम्बल्डन २००५, यूएस ओपन २००६ आणि विम्बल्डन २००९. चार वेळा तोच माणूस. २००४ला रॉडिकनं पहिला सेट घेतला होता, तिसऱ्यात ४-२ पुढं होता, आणि पाऊस आला. मॅच थांबली. परत आल्यावर फेडरर नेटवर धावून यायला लागला आणि चित्र पालटलं. सामना संपल्यावर रॉडिक म्हणाला ते फार गाजलं. साधारण असं, की मी घरातलं होतं नव्हतं ते, अगदी स्वयंपाकघरातलं बेसिनसुद्धा उचकटून त्याच्या अंगावर फेकलं, तर हा न्हाणीघरात जाऊन टबच घेऊन आला.

२००७ला मेलबर्नच्या उपांत्य फेरीत फेडररनं त्याला ६-४, ६-०, ६-२ असं धुतलं. तेव्हा जिमी कॉनर्स प्रशिक्षक होता, रॉडिक फॉर्मात होता, या वेळी काहीतरी होईल अशी हवा होती. पत्रकारांनी विचारलं, कसं वाटलं? उत्तर: वैताग आला, हालहाल झाले, भयानक होतं, ते सोडलं तर बाकी सगळं छान. खेळाडूंच्या पत्रकार परिषदा मी फारशा बघत नाही. ‘समोरचा चांगला खेळला, मी माझ्या खेळावर लक्ष केंद्रित करतोय’ हे ऐकायला कोण बसणार? रॉडिकच्या मात्र आवर्जून बघायचे. घडलं ते घडलं असं तो सांगायचा. फेडररशी हरण्याला त्यानं दुखापत, बॉल, वारा, पंच यांपैकी कशाचंही पांघरूण घातलं नाही. पंचाशी भांडण मैदानावर, आणि हरलो का याचं उत्तर वेगळं. या दोन गोष्टींची त्यानं गल्लत केली नाही.

आता रोम. माझ्या आवडीचं खरं कारण इथं आहे.

मे २००५, रोम मास्टर्स, क्ले म्हणजे मातीचं कोर्ट. समोर स्पेनचा फर्नांडो वेर्दास्को. पहिला सेट रॉडिकनं घेतलाय. दुसऱ्यात तो ५-३ पुढं आहे आणि वेर्दास्को सर्व्हिस करतोय, ०-४०. तीन मॅच पॉइंट. पहिली सर्व्हिस चुकते. दुसरी पडते, लाइन जज ओरडतो आउट. डबल फॉल्ट, मॅच संपली, प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागलेले. आणि रॉडिक पंचाला खूण करतो की नाही, आत आहे. मातीवर ठसा स्पष्ट आहे, रेघेला लागलेला. पंच निर्णय फिरवतात. पॉइंट वेर्दास्कोला. पुढं वेर्दास्को तो सेट टायब्रेकमध्ये घेतो, तिसरा ६-४ घेतो, आणि मॅच जिंकतो.

ज्यांनी क्लेवर पंचगिरी केलेली नाही त्यांच्यासाठी थोडं थांबते. क्लेवर चेंडू ठसा सोडतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की तिथं पंचाचं काम सोपं. उलट आहे. एकाच जागी सहा ठसे असतात आणि प्रत्येक खेळाडूला त्याच्या सोयीचा ठसा दिसतो. मुलं बोट ठेवून शपथा घेतात आणि ते बोट दुसऱ्याच ठशावर असतं. कधी बुटानं पुसून टाकतात आणि मग म्हणतात, बघा, इथं होता. म्हणून आम्ही चेंडू पडल्यापासून त्या जागेवरची नजर काढत नाही, खुर्चीतून उतरतानाही नाही. योग्य ठसा हरवला की निर्णयाला अर्थ उरत नाही. अशा वेळी समोरून खेळाडू स्वतःहून, स्वतःच्या तोट्याचा, योग्य ठसा दाखवतो असं मी माझ्या खुर्चीतून पाहिलेलं आहे, नाही असं नाही. लहान मुलं करतात. पहिल्या फेरीत, ०-४ मागं असताना करतात. मॅच पॉइंटला करणारं मूल मला अजून भेटायचंय.

रॉडिकला नंतर याबद्दल विचारलं तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं की त्यात विशेष काही नाही. पंच खाली उतरून बघायला आले असते तर त्यांनीही हेच केलं असतं. नीट वाचा हे वाक्य. आयुष्यभर आमच्याशी भांडलेला माणूस, आणि हिशेब असा की पंचाला ठसा दिसला असता तर त्यानं बरोबरच निर्णय दिला असता. आमच्यावर इतका विश्वास कुंपणापलीकडच्या एकाही आईबापाचा नाही.

काही जण म्हणतात, आधीची भांडणं आणि रोम यांचा मेळ बसत नाही. मला तो चटकन बसतो. चेंडू जिथं पडला तिथं पडला, एवढंच त्याचं म्हणणं असायचं. पंचानं ते नाकारलं तर तो पंचावर तुटून पडायचा आणि त्याच्या फायद्यासाठी कुणी नाकारलं तर त्यालाही दुरुस्त करायचा. तोंड घाणेरडं होतं हे मान्य. मॅचच्या भरात समोरच्या माणसाचं पाणी करून टाकण्याची त्याला हौस होती हेही मान्य, आणि त्याबद्दल मी त्याला कधीच सूट देणार नाही. कमी पगारात, उन्हात, तासन् तास मान ताठ ठेवून बसलेल्या माणसाला मूर्ख ठरवणं सोपं असतं. माझ्या मॅचमध्ये त्यानं ते केलं असतं तर पहिल्याच वाक्याला मी कोड व्हायोलेशन (वर्तनाच्या नियमभंगाचा ठपका) दिलं असतं.

जीभ त्याला महागातही पडायची. २००८च्या यूएस ओपनमध्ये जोकोविचच्या दुखापतींची त्यानं पत्रकारांसमोर टिंगल केली. पाठ, कंबर, बर्ड फ्लू, अँथ्रॅक्स, सार्स, सर्दी-खोकला अशी यादीच वाचली. पुढच्याच मॅचला दोघं समोरासमोर आले, जोकोविच जिंकला आणि मैदानावरच्या मुलाखतीत म्हणाला की अँडी म्हणत होता मला सोळा दुखापती आहेत, पण तसं दिसत नाही ना. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो केली. तरी एक आकडा मी कुठंही संधी मिळाली की ऐकवते: रॉडिक विरुद्ध जोकोविच, ५-४. रॉडिक पुढं. यावर समोरचा नेहमी म्हणतो की तो जोकोविच वेगळा होता. असेल. मॅच मॅच असते.

२००७चा डेव्हिस चषक इथंच आटोपते. रॉडिक, जेम्स ब्लेक आणि ब्रायन बंधू, पोर्टलंडला रशियाविरुद्ध अंतिम लढत, अमेरिकेला १९९५नंतर पहिल्यांदा चषक. मोठे खेळाडू डेव्हिस चषकाला टांग मारत असतानाच्या काळात हा गडी बोलावलं की जायचा. एकेरीत ३३ विजय आणि १२ पराभव.

मग २००९. नवा प्रशिक्षक लॅरी स्टेफान्की आला, रॉडिकचं वजन उतरलं, बॅकहँड जरा माणसात आला. विम्बल्डनला ह्युइटला पाच सेटमध्ये, मग उपांत्य फेरीत अँडी मरेला त्याच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर चार सेटमध्ये हरवून तो अंतिम फेरीत आला. तारीख ५ जुलै. रॉयल बॉक्समध्ये सँप्रास बसलेला, कारण फेडरर जिंकला तर सँप्रासचा चौदा ग्रँड स्लॅमचा विक्रम मोडणार होता.

ही मॅच मी अंपायरच्या डोळ्यांनी बऱ्याचदा पाहिली आहे, स्कोअरकार्ड लिहीत. पहिला सेट रॉडिक ७-५. दुसऱ्या सेटचा टायब्रेक, रॉडिक ६-२ पुढं, म्हणजे चार सेट पॉइंट. फेडररनं तीन वाचवले. ६-५ला रॉडिक नेटवर आला, फेडररचा चेंडू उंच आला, बॅकहँड व्हॉली, कोर्ट जवळजवळ मोकळं. चेंडू बाहेर गेला. वाद घालायला जागा नाही, ढळढळीत बाहेर. टायब्रेक ८-६, तिसऱ्या सेटचा टायब्रेक ७-५, दोन्ही फेडररला. इथं बहुतेक माणसं मोडतात. रॉडिकनं चौथा सेट ६-३ घेतला.

पाचव्या सेटला तेव्हा विम्बल्डनमध्ये टायब्रेक नव्हता. फेडरर आधी सर्व्हिस करत होता, त्यामुळे ४-५पासून प्रत्येक वेळी रॉडिकला हरू नये म्हणून सर्व्हिस राखावी लागत होती. ४-५, ५-६, ६-७, ७-८. ८-८ला फेडररच्या सर्व्हिसवर रॉडिकला दोन ब्रेक पॉइंट, म्हणजे ती सर्व्हिस तोडायच्या संधी मिळाल्या. गेल्या. पुन्हा ८-९, ९-१०, १०-११, ११-१२, १२-१३, १३-१४. दहा वेळा तो त्या कड्यावर उभा राहिला आणि दहा वेळा परत आला. फेडररच्या एसची (समोरच्याच्या रॅकेटलाही न लागणाऱ्या सर्व्हिसची) संख्या पन्नासवर गेली. १४-१५ला, अकराव्या वेळी, रॉडिकचा एक फटका रॅकेटच्या फ्रेमला लागून उडाला आणि संपलं. १६-१४.

स्कोअरकार्ड लिहिणाऱ्याला काही गोष्टी दिसतात त्या प्रेक्षकाला दिसत नाहीत. त्या दिवशी रॉडिकनं सदतीस सर्व्हिस गेम सलग राखले आणि फक्त शेवटचा गमावला. त्यानं फेडररची सर्व्हिस दोनदा तोडली, फेडररनं त्याची एकदा. एकूण गेम मोजले तर रॉडिकचे ३९, फेडररचे ३८. जास्त गेम जिंकलेला माणूस हरला. आमचा खेळ असाच आहे, गेमची बेरीज कुणी विचारत नाही, सेट विचारतात. मला त्यात अन्याय दिसत नाही. नियम दोघांना सारखाच होता. पण ‘फेडररनं रॉडिकला विम्बल्डनच्या अंतिम फेरीत तीनदा हरवलं’ असं एका दमात म्हणणाऱ्यांनी तिसऱ्या वेळचं कार्ड एकदा स्वतःच्या हातानं लिहून बघावं. २००५ला तो हरवला गेला होता. २००९ला हरला, एवढंच.

बक्षीस समारंभात प्रेक्षक त्याचं नाव घेत होते. त्यानं सँप्रासची माफी मागितली, की मी फेडररला अडवायचा प्रयत्न केला. फेडरर त्याला म्हणाला की फार वाईट वाटून घेऊ नकोस, गेल्या वर्षी नदालशी हरल्यावर माझंही असंच झालं होतं. त्यावर रॉडिकचं उत्तर असं, की हो, पण तू आधी पाच जिंकला होतास. इतक्या दुःखातसुद्धा आकड्यांत चूक नाही!

पुढची वर्षं उतरणीची. २०१०मध्ये मायामी मास्टर्स जिंकली, आणि त्याच वर्षी यूएस ओपनला आमच्या पेशातला एक अभिजात प्रसंग घडला. यान्को टिप्सारेविचविरुद्ध लाइन जज बाईंनी रॉडिकला फूट फॉल्ट दिला, म्हणजे सर्व्हिस करताना पाय रेघेला लागला असं. त्यानं विचारलं, कोणता पाय? बाई म्हणाल्या, उजवा. आणि भडका उडाला. कारण त्याचा उजवा पाय मागं असतो, तो रेघेला लागणंच शक्य नाही. रिप्लेमध्ये दिसलं की पाय लागला होता, पण डावा. म्हणजे निर्णय बरोबर, स्पष्टीकरण चूक. बराच वेळ तो तेवढंच धरून बसला. शेवटी मॅचही हरला.

नव्या मुलींना मी हा प्रसंग सांगते. निर्णय द्या आणि गप्प बसा. खेळाडूनं विचारलं तरी मुख्य पंच बघून घेतील, कोणता पाय हे सांगायला आपल्याला कुणी बसवलेलं नाही. त्या बाईंचा डोळा अचूक होता, नको तिथं तोंड उघडलं एवढंच. रॉडिकच्या बाजूनं पाहिलं तर इथं तो साफ चुकला. चेंडू जिथं पडला तिथं पडला, तसा पाय जिथं लागला तिथं लागला. रोमला जे त्याला दिसलं ते इथं दिसलं नाही. सर्व्हिस करताना माणूस वर बघतो, पायाकडे कसा बघणार?

२०११ला न्यूयॉर्कला पाऊस, लुई आर्मस्ट्राँग स्टेडियमच्या कोर्टमधून पाणी वर येत होतं, आणि रॉडिक-फेरर मॅच कोर्ट क्रमांक १३वर हलवावी लागली. माजी विजेता, जवळजवळ हाताच्या अंतरावर प्रेक्षक, आणि कोर्ट असं की एरवी तिथं ज्युनियर खेळतात. ती मॅच तो जिंकला आणि मजेत होता असं मला वाटलं.

३० ऑगस्ट २०१२, तिसावा वाढदिवस, यूएस ओपन चालू असताना त्यानं जाहीर केलं की ही शेवटची स्पर्धा. त्याच वर्षी मायामीला फेडररला हरवून झालं होतं, दोन स्पर्धा जिंकून झाल्या होत्या. चौथ्या फेरीत देल पोत्रोनं चार सेटमध्ये हरवलं आणि कारकीर्द संपली. बत्तीस विजेतेपदं, २००१पासून दरवर्षी किमान एक, वर्षअखेरीस सलग नऊ वर्षं पहिल्या दहांत. २०१७ला न्यूपोर्टच्या हॉल ऑफ फेममध्ये किम क्लायस्टर्सबरोबर त्याचा समावेश झाला. आता पॉडकास्ट करतो, आणि बोलण्याचे पैसे मिळणारं काम त्याला सापडलं याचा मला मनापासून आनंद आहे.

इकडे आमचं काम मात्र आटपत चाललंय. २०२५पासून एटीपीच्या (पुरुष व्यावसायिक टेनिस संघटनेच्या) स्पर्धांत रेघा यंत्र बघतं, क्लेवरसुद्धा. विम्बल्डननंही लाइन जज काढले, फ्रेंच ओपननं तेवढे ठेवलेत. त्या वर्षी माद्रिदला झ्वेरेवला मातीवरचा ठसा आणि यंत्राचा निर्णय जुळेना, पंच खाली उतरून ठसा बघू शकत नव्हते, तेव्हा त्यानं चक्क खिशातून फोन काढावा तसा बाकावरून फोन आणून ठशाचा फोटो काढला आणि वॉर्निंग घेतली. रोमला रॉडिकनं जे केलं ते आता करताच येत नाही. यंत्र म्हणालं बाहेर, तर बाहेर. ठसा कुणी दाखवायचा नाही आणि कुणी बघायचा नाही. रॉडिक आज खेळत असता तर त्यानं त्या यंत्राशीही भांडण काढलं असतं, याबद्दल मला शंका नाही. फक्त कोणता पाय, हे विचारल्यावर उत्तर आलं नसतं.